ढवळणीवरचा चरा

रोस्टॉकच्या संस्थेत तळघर माझं,
तिसरा मजला रोस्विता पेन्त्सलिनचा.
ती धातू आणि कार्बन यांच्यातला बंध धरायची,
मी तो धरायची काच फुंकायचो.
एकतीस वर्षं. हिशेब वहीत आहे:
दोन तोंडांचे फ्लास्क चारशे बारा,
त्यातले पुन्हा जोडायला आलेले अडीचशेच्या वर.
घाई तिच्या मनगटात होती, डोक्यात नव्हती.

पहिल्यांदा आली तेव्हा केसांना टॉल्यूइनचा वास.
म्हणाली, एकहार्ट, हवा आत येते.
मी म्हटलं, दिसत तर नाही कुठे.
तिनं फ्लास्क खिडकीशी धरला.
सकाळी लालभडक असलेलं द्रावण
कालच्या कॉफीसारखं झालेलं.
मला दिसते, म्हणाली.

सुईनं एका फ्लास्कातलं दुसऱ्यात नेताना
ती स्वतःचा श्वास रोखायची,
जणू तोच एक तेवढा नायट्रोजन ओलांडून आत शिरेल.

शाळेत शिकवतात, उत्प्रेरक
काम उरकून जसाच्या तसा बाहेर पडतो.
खोटं आहे, ती म्हणायची. तो मरतो.
मरण्याआधी किती फेरे घेतले
एवढंच आपण मोजायचं.
नव्वद. एकशे सत्तर. एकदा चार.
चारच्या दिवशी तिनं माझ्या डब्यातला
हेरिंग घातलेला पाव खाल्ला
आणि पाणीसुद्धा न पिता वर गेली.

पॅलेडियम तेव्हा सही करून मिळायचं, ग्रॅमनं,
तेही कपाटाच्या किल्लीची मर्जी असली तर.
म्हणून तिनं लोखंड घेतलं.
लोखंडाला काय तोटा, सगळं बंदर गंजत होतं.
अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात ते चाललं.
दोन हजार फेरे.
हातमोजे न काढताच ती जिने उतरून आली,
माझ्या ज्योतीच्या इतकी जवळ
की मला ओरडावं लागलं.

निबंध छापला. लोक तिला
लोखंडवाली पेन्त्सलिन म्हणू लागले.
प्रागहून एकानं लिहिलं, आमच्याकडे चालत नाही.
तिनं कळवलं, तुमच्याकडे हवा आत येत असेल.

मग एका ऑक्टोबरात आमचा देश
दुसऱ्या देशात विरघळला.
तळाशी गाळ राहिला, त्यात आम्ही.
नवे पंप आले. आर्गॉन, हवा तेवढा.
आणि नव्या फ्लास्कात, नव्या ढवळणीनं
लोखंड चालेना.
एक फेरा. दोन.
वर्षभर सगळ्यांची बोटं माझ्या काचेकडे.
मी जुन्या नळ्या शोधून पुन्हा फुंकलं. दोनच.

शेवटी तिनं भंगाराच्या खोक्यातून
जुनी ढवळणी काढली,
पेराएवढी, पांढरी,
एका अंगाला करडा चरा.
चऱ्यात पॅलेडियम होतं.
डोळ्यांना दिसणार नाही इतकं,
आणि दोन हजार फेऱ्यांना पुरून उरेल इतकं.

तिच्याआधी त्या टेबलावर लोथर श्टाफेनहागन बसायचा.
त्र्याहत्तरच्या एका शनिवारी घरी गेला तो आलाच नाही.
त्याचं नाव कपाटावरून खरवडून काढलं होतं.
ढवळणी कोणाच्या लक्षात येणार?

संचालक म्हणाले, आता कोण विचारतंय.
तिनं मासिकाला चार ओळी धाडल्या, निबंध मागे घेतला.
मला फक्त एवढंच म्हणाली,
फेरे खरे होते. नाव चुकलं.

पुढच्या वसंतात लुडविग्सहाफेनहून एक कार्ड आलं.
ते तिनं तळघरात उभ्यानंच वाचून दाखवलं:
"धुवायचं राहून गेलं. बोट रात्रीची होती."
खाली सही, आणि सहीखाली, लहान अक्षरात,
ग्रॅमचा आकडा, कपाटाला देणं असलेला.

ती हसली की काय झालं मला नक्की कळलं नाही,
माझा रंगीत चष्मा डोळ्यांवर होता.
मग म्हणाली, एक फ्लास्क हवाय. दोन तोंडांचा.
कशासाठी?
लोखंडासाठी.

वहीत तो तीनशे एकोणनव्वदावा आहे.
शेरा: तोटी डाव्या हाताला. काच नवी. ढवळणीसकट.